हिरव्या बटणात खोचलेली काडी

भाच्याचं बारसं झालं तेव्हा तो चांगला टपोरा होता. आमच्या आईच्या भाषेत 'लोन्याचा गोया'. पाचव्या महिन्यात पालथा पडायला लागला आणि सहाव्यात त्याच्या हाताचे पंजे नि पावलं सुजली. बोटं इतकी फुगली की मूठ वळेना. उचललं की रडायचा, ठेवलं की रडायचा. बहिणीच्या सासूने मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या. गावातल्या एकाने पाल्याचा लेप दिला. तालुक्याच्या एका दवाखान्यात 'वाताचा प्रकार आहे' असं सांगून बाटली दिली, आणि त्या बाटलीच्या भरवशावर आमचे सात-आठ महिने गेले. शेवटी नागपूरला रक्त तपासलं. इलेक्ट्रोफोरेसिसच्या, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून पाहणाऱ्या चाचणीच्या, कागदावर दोन अक्षरं होती: एसएस. म्हणजे सिकलसेलचा आजार.

मग बहिणीचं तपासलं, जावयांचं तपासलं. दोघंही एएस, म्हणजे सिकलसेलचे वाहक. माझंही तपासलं. मीही एएस.

मी ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो. दरवर्षी फळ्यावर तो चार खणांचा चौकोन काढतो: आई वाहक, बाप वाहक, दर खेपेला चारात एक शक्यता आजारी मुलाची. पोरं वहीत उतरवून घेतात, परीक्षेत लिहितात, मी मार्क देतो. तो चौकोन बहिणीच्या लग्नाआधी स्वतःच्या घरावर मांडून पाहावा, हे मला सुचलं नाही. आम्ही पत्रिका पाहिली होती. गुण चांगले जुळले होते.

याबद्दल बहिणीने मला कधीच बोल लावला नाही. तिचा प्रश्न वेगळा होता. नागपूरहून परतताना एसटीत, वरोऱ्याच्या अलीकडे कुठेतरी, पोरगं मांडीवर झोपलेलं असताना तिने विचारलं, "एक सांग दादा. पोटात होता तवापासून हे त्याच्यात होतंच ना? मंग सहा महिने तं चांगला होता. सहा महिने कुठी लपून होतं ते?"

मी म्हटलं, "लहान लेकरात आईचं रक्त असते ना, ते संपलं की..."

हे साफ चुकीचं होतं. गर्भातल्या बाळाचं रक्त त्याचं स्वतःचंच असतं. मी ते बोललो, कारण मास्तराला गप्प बसता येत नाही. आणि माझ्या त्या उत्तराने तिच्या घरात काय झालं ते मला पुष्कळ उशिरा कळलं. हातपाय सुजले त्याच महिन्यात तिने बाळाला वरचं सुरू केलं होतं, तांदळाची पेज. सासूने हिशेब लावला: आईचं बंद करून वरचं लावलं, तिथून पोट्टं बिघडलं. 'मास्तर भाऊही तेच म्हणते.'

सहा महिने कुठे लपून होतं? या प्रश्नाचं खरं उत्तर मला नीट समजायला पुढची काही वर्षं लागली. ते आमच्या बारावीच्या पुस्तकात पूर्ण नाही. पुस्तकात डीएनए, त्यावरून उतरवलेली नक्कल म्हणजे आरएनए, त्यातून प्रथिन, असा बाणांचा सरळ रस्ता आहे. जनुक आहे म्हणजे ते काम करतं, असा समज मुलांचा होतो. माझाही तोच होता.

सिकलसेल आमच्या भागात नवा नाही. नागपूरच्या शुक्ल आणि सोलंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेलवरचा लेख १९५८ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापला, त्याला आता साठ वर्षांहून अधिक काळ लोटला. चंद्रपूर-गडचिरोलीकडे तर क्वचितच एखादं गाव सापडेल जिथे हा शब्द ठाऊक नाही. कारण एवढंसं आहे. हिमोग्लोबिनचा एक भाग बनवणाऱ्या बीटा जनुकात एके ठिकाणी डीएनएची जीएजी ही तीन अक्षरं हवीत तिथे जीटीजी असतात. एका अक्षराचा फरक. त्याने प्रथिनातला एकच दुवा बदलतो, पण ऑक्सिजन सुटला की असे हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून लांब दोऱ्या होतात आणि गोल तांबडी पेशी ताणून विळ्यासारखी वाकते. बारीक नळ्यांमध्ये अडकते. जिथे अडकली तिथे पुढे रक्त नाही, म्हणून वेदना. लहान बाळात पहिल्यांदा अडकते ती बरेचदा हातापायांच्या बारीक हाडांत. साधी पेशी १२० दिवस जगते, ही दहा-वीस दिवसांत फुटते. हे सगळं मी शिकवत होतोच.

जे मी शिकवत नव्हतो ते असं. अकराव्या गुणसूत्रावर हे बीटा जनुक एकटं नाही. एका ओळीत पाच भावंडं आहेत: एप्सिलॉन, दोन गॅमा, डेल्टा आणि शेवटी बीटा. नवल असं की ओळीतला क्रम आणि आयुष्यातला क्रम एकच आहे. गर्भाच्या पहिल्या काही आठवड्यांत एप्सिलॉन चालतं. मग यकृतात रक्त बनू लागतं तेव्हा गॅमा. गॅमापासून बनलेलं हिमोग्लोबिन ऑक्सिजन जास्त घट्ट धरतं, त्यामुळे वारेतून आईच्या रक्तातला ऑक्सिजन ते ओढून घेऊ शकतं. जन्माच्या सुमारास कामकाज हाडांच्या मगजात गेलेलं असतं, गॅमा मंदावतं आणि बीटा जोर धरतं. जन्मलेल्या बाळाच्या रक्तात निम्म्याहून जास्त हिमोग्लोबिन गॅमाचं असतं. सहा महिन्यांत ते ओसरत जातं. मोठ्या माणसात ते टक्का-दीड टक्का उरतं.

भाच्याचं बीटा जनुक पहिल्या दिवसापासून बिघडलेलंच होतं. पण तोवर कारभार गॅमाच्या हाती होता, आणि त्याचं गॅमा जनुक शाबूत होतं. आजही आहे. एकही अक्षर चुकलेलं नाही. फक्त ते बंद आहे.

हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही. ज्या पोरासाठी आम्ही दर थंडीत दवाखान्याच्या वाऱ्या करतो, त्याच्या मगजातल्या, रक्त घडवणाऱ्या प्रत्येक पेशीत इलाज ठेवलेला आहे, कुलपात.

मग चालू कोण करतं आणि बंद कोण करतं? पेशीच्या केंद्रकात डीएनएचा दोन मीटरचा धागा हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळून ठेवलेला असतो. गुंडाळलेलं वाचता येत नाही. ते उकलून, वाचणाऱ्या यंत्रणेला तिथे बोलावण्याचं काम काही प्रथिनं करतात, ती थेट डीएनएवर बसतात. माणसात अशी सुमारे सोळाशे प्रकारची प्रथिनं आहेत. ती डीएनएची शिडी उघडत नाहीत. शिडीच्या कडेला पीळ पडून जी मोठी खाच तयार होते, तीत आपला एक पेर घालून अक्षरांच्या कडा चाचपतात. गॅटा-१ हे नाव मला फार आवडलं, कारण ते प्रथिन जी-ए-टी-ए अशी अक्षरं शोधत फिरतं आणि नावातच आपला पत्ता सांगतं. त्याचं बोट ताठ राहावं म्हणून आत जस्ताचा एक अणू धरलेला असतो. खरंच जस्त. धानाला खैरा रोग आला की दुकानातून आणतो तेच झिंक. यांना झिंक फिंगर म्हणतात. शास्त्रज्ञांनी दिलेलं हे एक तरी नाव शेतकऱ्याला समजावून सांगावं लागत नाही.

पण जीएटीए ही अक्षरं डीएनएत लाखो ठिकाणी येतात, आणि गॅटा-१ त्यातल्या शंभरात एका जागीही बसत नाही. शेजारी कोण आहे, जागा उकललेली आहे का, यावर ते ठरतं. बसल्यावरही ते ठाण मांडत नाही. काही सेकंद टेकतं, सुटतं, पुन्हा टेकतं. आणि एकटं फारसं काही करत नाही. टाल-१ नावाचं प्रथिन येतं, केएलएफ-१ येतं, एलडीबी-१ त्यांना एकमेकांत बांधतं, मग रिळं सैल करणारी प्रथिनं येतात, मग मेडिएटर नावाचा प्रथिनांचा मोठा घोळका, मग कुठे आरएनए बनवणारा पॉलिमरेज कामाला लागतो. आमच्याकडे बोअरवेलच्या गाडीभोवती माणसं जमतात तसं. एकाने येऊन पाणी लागत नाही.

या प्रथिनांना दोन हात असतात, हे कसं कळलं तो प्रयोग मला विशेष वाटतो. १९८५ साली ब्रेंट आणि टाश्नी या शास्त्रज्ञांनी जिवाणूच्या एका प्रथिनाचा डीएनए धरणारा अर्धा भाग घेतला आणि यीस्टच्या दुसऱ्या एका प्रथिनाचा 'बोलावणारा' अर्धा भाग त्याला जोडला. हे कलम यीस्टमध्ये चाललं. म्हणजे धरणारा हात वेगळा, हाक मारणारा वेगळा.

आता या पाच भावंडांचं मुख्य नियंत्रण कुठे आहे? बीटापासून सुमारे पन्नास हजार अक्षरं दूर. तिथे गॅटा-१ आणि मंडळी बसतात, आणि ती दूरची जागा धाग्याचा फास होऊन जनुकाच्या तोंडाशी येते. गर्भात हा फास गॅमाकडे वळतो, नंतर बीटाकडे. हॉलंडमधल्या एका रुग्णाचं १९८३ सालचं प्रकरण आहे. त्याच्या एका गुणसूत्रावर बीटा जनुक पूर्ण शाबूत होतं, तरी ते मुकं होतं, कारण लांबवरचा मोठा तुकडा गळून गेला होता. जनुक आहे, हाक मारणारं कोणी नाही. पुढे १९८७ साली ग्रोसव्हेल्ड यांच्या गटाने त्या दूरच्या जागेची ताकद दाखवून दिली. आणि २०१२ साली फिलाडेल्फियाच्या गेर्ड ब्लोबेल यांच्या गटाने उलटा प्रयोग केला. ज्या पेशींत गॅटा-१ नाही, जनुक गप्प आहे, तिथे मुद्दाम घडवलेल्या झिंक फिंगरने एलडीबी-१ चा तुकडा जनुकाच्या तोंडाशी नेऊन बांधला. फास पडला, जनुक बोलायला लागलं. दोन वर्षांनी हाच हिसका त्यांनी मोठ्या माणसाच्या पेशीतल्या गॅमावर चालवून दाखवला.

इथे थोडं विषयांतर करतो, कारण आमच्या वावरात जे उभं आहे तेही याच नात्यातलं आहे. २००२ साली बीटी कापसाला देशात परवानगी मिळाली. त्यातलं जनुक एका जिवाणूचं, बोंडअळीला मारणारं विष बनवणारं. जिवाणूचं जनुक तसंच पऱ्हाटीत घातलं तर ते काही करणार नाही, पऱ्हाटीच्या प्रथिनांना त्यावर बसायला ओळखीची जागाच नाही. म्हणून त्याच्यापुढे फुलकोबीवरच्या एका विषाणूचा तुकडा जोडला. पस्तीस-एस म्हणतात त्याला. हा विषाणू झाडाच्याच प्रथिनांना बसायला पाट मांडून देतो. झाडाला वाटतं आपलंच जनुक आहे. तरीही आवाज सगळीकडे सारखा निघत नाही. नागपूरच्याच केंद्रीय कापूस संशोधन संस्थेतल्या क्रांती आणि सहकाऱ्यांनी २००५ साली मोजून दाखवलं की पानांत ते विष भरपूर असतं, बोंडाच्या सालीत नि फुलाच्या बीजांडकोशात कमी, आणि झाडाचं वय वाढेल तसं उतरत जातं. अळी नेमकी बोंडातच शिरते. बियाण्याच्या पाकिटावर जनुकाचं नाव असतं, ते कुठे किती बोलेल हे नसतं. असो.

आता काडी.

जावयांच्या विहिरीवर तीन फेजची मोटर आहे. स्टार्टरला दोन बटणं. हिरवं दाबलं की आतली कॉईल ओढून धरते आणि मोटर उचलते. लाईन गेली की कॉईल सुटते. लाईन परत आली तरी मोटर आपण होऊन चालत नाही, कोणीतरी जाऊन हिरवं दाबायला लागतं. आमच्याकडे शेतीची लाईन एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. डिसेंबरात हरभऱ्याला पाणी द्यायचं, लाईन येणार रात्री बारानंतर कधीतरी, वावर दीड किलोमीटर, वाटेत रानडुकरं. मग लोक काय करतात? संध्याकाळी जाऊन हिरवं बटण आत दाबतात आणि फटीत आगपेटीची काडी खोचून ठेवतात. लाईन आली की मोटर आपोआप. पाऊसपाणी पाहून उद्योग करणाऱ्या माणसाचं हे संशोधन आहे. महावितरण याच्या विरोधात असतं आणि त्यांचं म्हणणं खोटं नाही. सगळ्यांच्या मोटरी एकाच झटक्यात उचलल्या की डीपी जळते. शरीरातही तसंच. बर्किट नावाच्या कर्करोगात मिक हे पेशी वाढवणारं जनुक तुटून भलत्याच गुणसूत्रावर, प्रतिपिंडं बनवणाऱ्या जनुकाच्या जोरदार बटणाशेजारी जाऊन पडतं. मग ते थांबतच नाही.

पण काही माणसं जन्मतःच गॅमाच्या बटणात काडी घेऊन येतात. त्यांचं गॅमा आयुष्यभर चालू राहतं आणि त्यांना त्याचा त्रास काहीच होत नाही. डॉक्टरांना हे अनेक दशकांपासून ठाऊक होतं, कारण मात्र अलीकडे उलगडलं. एका प्रकारात गॅमा जनुकाच्या सुरुवातीच्या १९८ अक्षरं मागे टी च्या जागी सी आहे. एवढ्याने तिथे केएलएफ-१ ला बसायची नवी जागा तयार होते. दुसऱ्यात १७५ अक्षरं मागे तसाच बदल, आणि तिथे टाल-१ येऊन बसतं. ऑस्ट्रेलियात मर्लिन क्रॉस्ली यांच्या गटाने हे २०१५ आणि २०१७ मध्ये दाखवलं. अक्षर एकच बदललं, जसं सिकलसेलमध्ये बदललं. इथे मात्र त्या बदलाने एका पाहुण्याला बसायला जागा दिली.

उलट बाजूला लाल बटणही आहे. बीसीएल-११-ए नावाचं प्रथिन गॅमावर, सुरुवातीच्या ११५ अक्षरं मागे बसून त्याला गप्प करतं. २००८ साली त्याचं हे काम उघड झालं. आणि आता गंमत पाहा. हे लाल बटण तांबड्या पेशींत बनतं तेसुद्धा गॅटा-१ त्याच्या जनुकातल्या एका जागेवर बसतं म्हणून. म्हणजे एकच प्रथिन बीटाला हाक मारतं आणि गॅमाला गप्प करणाऱ्यालाही. २०२३ च्या शेवटी ब्रिटन आणि अमेरिकेत मंजूर झालेल्या क्रिस्पर नावाच्या, डीएनए कापणाऱ्या उपचारात बिघडलेल्या बीटाला हातच लावत नाहीत. रुग्णाच्या रक्त घडवणाऱ्या मूळ पेशी काढून त्यातली गॅटा-१ ची ती एकच बैठक कात्रीने बिघडवतात. गॅटा-१ ला तिथे टेकता येत नाही, बीसीएल-११-ए घटतं, गॅमा बोलायला लागतं. अमेरिकेतल्या व्हिक्टोरिया ग्रे यांनी २०१९ मध्ये हा उपचार घेतला, त्या स्वतःच त्याबद्दल उघडपणे बोलतात.

किंमत बावीस लाख डॉलर. आधी केमो देऊन जुना मगज साफ करावा लागतो ते वेगळंच. मी हे आकडे बहिणीला सांगितले नाहीत.

भाचा रोज हायड्रॉक्सियुरियाची कॅप्सूल घेतो. तीसुद्धा गॅमाला थोडं वर ओढते. तिच्यामुळे दवाखान्यात भरती व्हायच्या खेपा बऱ्याच कमी झाल्या. दर काही महिन्यांनी रक्त तपासायचं, पाणी भरपूर प्यायचं, थंडीत ओलं व्हायचं नाही.

या शेवटच्या अटीवरूनच गेल्या डिसेंबरात भांडण झालं. पोरगं आता अकरा वर्षांचं आहे. बापासोबत रात्री ओलिताला जायचं म्हणून हटून बसलं. बहीण म्हणाली, "बाप्पा, गारव्यात पाण्यात पाय घालशीन आन् मंग आठ दिवस कण्हत राहशीन." जावई काही बोलले नाहीत, बॅटरीचे सेल बदलत बसले. मी सुट्टीत गेलो होतो. पोराचं मन वळवावं म्हणून त्याला अंगणात शेकोटीपाशी घेऊन बसलो आणि ही सगळी गोष्ट स्टार्टर, कॉईल आणि काडीच्या भाषेत सांगितली. कॉलेजात चौदा वर्षांत मी इतकं चांगलं शिकवलं नसेल. त्याने सगळं ऐकलं आणि विचारलं, "मामा, मंग लहानपणी माह्यं हिरवं कोनं सोडलं?"

"कोनंच नाही. सगळ्यांचंच सुटते. माझंही सुटलं, तुह्या मायचंही. सहा महिन्यांच्या आसपास सुटतेच ते."

बहीण चुलीपाशी भाकरी थापत होती. थापणं थांबलं.

"सगळ्याच लेकराईचं?" तिने आतूनच विचारलं.

"सगळ्याच. अमेरिकेतल्याही."

"पेज नसती दिली तरी?"

"पेजेचा काहीच संबंध नाही. तू दूध पाजत राहली असती तरी त्याच महिन्यात हात सुजले असते. मी तुले एसटीत जे सांगतलं ते चुकीचं होतं."

ती बराच वेळ काही बोलली नाही. तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला तेव्हा तिने ती उलटली.

"बुढीले सांगाले पायजे होतं हे," ती म्हणाली. तिची सासू जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. "मरेपर्यंत पेजेचं गंज मले उचलू नाही देल्लं तिनं. दुसऱ्याच्या लेकरालेही नाही."

जावई बॅटरी घेऊन उठले. पोरगं फाटकापर्यंत त्यांच्या मागे गेलं, मग बहिणीने हाक मारली तसं परत आलं आणि पाण्याची बाटली घेऊन माझ्याशेजारी बसलं. बारा वाजून गेले तरी लाईन आली नव्हती.